थांबायला सांगितलेल्या सहा आयांचे काय? ऑटिझमच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भात ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या सर्व संस्था,
त्यांच्या नैतिकता समित्यांचे सन्माननीय सदस्य, तसेच
महाराष्ट्र शासनाचे आरोग्य व दिव्यांग कल्याण विभाग

विषय : संशोधन प्रकल्प मध्येच बंद करणे आणि निष्कर्ष कुटुंबांना न कळवणे याबाबत

महोदय, महोदया,

मी पश्चिम विदर्भातल्या एका लहान गावात सोळा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. माझा धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका संस्थेचा संशोधन प्रकल्प आला. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांना घरी येऊन शिकवायचे आणि त्यामुळे मुलांच्या संवादात फरक पडतो का ते मोजायचे, असा तो अभ्यास होता. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही. आजूबाजूच्या सात गावांतून मुले शोधून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. माझ्या शब्दावर अकरा घरांनी संमतीपत्रे भरून दिली, त्यांत चौघींचे अंगठे होते. गेल्या दिवाळीनंतर माझ्या फोनवर दोन ओळींचा निरोप आला, की निधी संपल्यामुळे प्रकल्प थांबवण्यात येत आहे, सहकार्याबद्दल आभार. त्यानंतर कोणी आले नाही. त्या बाया मात्र मला रोज कुठे ना कुठे भेटतात, नळावर, बाजारात, पोषण आहार न्यायला आल्यावर, आणि विचारतात, "बाई, त्या मॅडम कधी येतीन?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ आहे, म्हणून हे पत्र.

तक्रारी मांडण्याआधी त्या कामाचा मला झालेला उपयोग सांगितला पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे अर्धवट राहील. कोणाला आधी शिकवायचे आणि कोणाला नंतर, हे बंद पाकिटातून ठरले. माझे नाव आधीच्या गटात निघाले. दर पंधरा दिवसांनी एक दीदी येई. ती शेजारच्या तालुक्यातली, बारावी झालेली, प्रकल्पानेच प्रशिक्षण दिलेली मुलगी होती. मी मुलाबरोबर दहा मिनिटे खेळायचे, तिने ते टॅबवर टिपायचे आणि मग दोघींनी बसून ते पाहायचे, अशी पद्धत होती. माझ्या मुलाला चिंचोके आवडतात. ओसरीच्या कडेने तो ते एकामागे एक मांडत जातो. एके दिवशी टिपण चालू असताना मी शेजारी बसून सारखी बोलत होते, हे काय आहे, किती आहेत, चिंचोका म्हण, माझ्याकडे पाहा. दीदीने चित्र थांबवले आणि विचारले, "ताई, इथे त्याचा हात कुठे आहे?" त्याने एक चिंचोका उचलून माझ्या गुडघ्याजवळ ठेवला होता. माझ्या लेकराने मला काहीतरी दिले होते आणि मी मात्र त्याला "माझ्याकडे पाहा" असे म्हणत बसले होते. पुढच्या वेळी मी गप्प राहिले. त्याच्या रांगेच्या टोकाला मी एक चिंचोका ठेवला. तो थांबला, त्याने माझा चिंचोका उलटा करून नीट बसवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. चौथ्या महिन्यात त्याने रिकामी वाटी माझ्या हातात देऊन "दे" म्हटले. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण त्या दिवसापासून मला तो शब्द अपुरा वाटतो. तो स्वतःत मग्न नव्हता, माझी वाट पाहत होता.

ही पद्धत कोणाच्या मनात आले म्हणून सुरू झालेली नाही, हेही मला त्या काळात कळले. अशाच धाटणीची पद्धत इंग्लंडमध्ये 152 मुलांवर तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ती आपल्या लोकांना जमेल अशी बदलून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत 65 मुलांच्या कुटुंबांबरोबर तपासण्यात आली. तिथे शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. 2016 मध्ये त्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, की आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सगळीच मोजमापे सुधारली असे झाले नाही आणि तेही त्यांनी लपवले नाही.

गावातल्या बाईला नीट शिकवले तर ती मोठे काम करू शकते, हे तर विदर्भानेच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्याची मुळे त्या गावांत आहेत. संशोधन गावात यावे, गावात रुजावे आणि तिथून देशाला काही मिळावे, हे आमच्याच मातीत घडलेले आहे. त्यामुळे कोणी मला असे म्हणू नये, की तुम्हा खेड्यातल्या लोकांना संशोधन कशाशी खातात ते कळत नाही.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार त्या सहा आयांची आहे. अकरापैकी पाच जणींना आधी शिकवण मिळाली. उरलेल्या सहा जणींना सांगण्यात आले होते, की तुमच्या मुलांची फक्त मोजमापे घेऊ आणि नऊ महिन्यांनी तुम्हालाही हेच शिकवू. त्यांतली एक माझ्याच गल्लीत राहते. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दीदी माझ्याकडे आली की ती कुडाच्या पलीकडे येऊन उभी राही. मी तिला काही शिकवू नये, असे मला बजावण्यात आले होते, कारण मग दोन गटांतला फरक मोजता आला नसता. मला ते कारण पटले होते आणि मी शब्द पाळला. तिने मला दोनदा विचारले, "तुले काय सांगते वं ते?" आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. नऊ महिने मी माझ्या शेजारणीपासून तिच्या लेकीच्या उपयोगाची गोष्ट लपवून ठेवली, कारण तुम्ही तिच्याकडे येणार होतात. नऊ महिने संपायला तीन आठवडे उरले असताना निधी संपला. प्रकल्पाचा हिशेब मला कळत नाही, पण एवढे कळते, की ज्यांना थांबायला सांगितले त्यांच्या वाट्याचे पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे असतात. मुलगी आता सहाव्या वर्षात आहे. मला जे आठवते ते मी आता तिच्या आईला सांगते, पण माझ्याजवळ ना टॅब आहे, ना दीदीची नजर.

दुसरी तक्रार निष्कर्षांची. माझ्या मुलाची तीनदा तपासणी झाली. भारतात ऑटिझमच्या दाखल्यासाठी जी 40 मुद्द्यांची श्रेणी वापरतात तिच्यावर त्याला गुण दिले गेले, त्याच्या खेळण्याचे तासन्तास चित्रीकरण झाले, माझी झोप, माझा ताण, आमच्या घरातली भांडणे, सगळे विचारले गेले आणि मी सगळे खरे सांगितले. त्यातला एक कागदही मला मिळालेला नाही. त्याचे गुण मला कळले असते तर जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल्यासाठी जाताना ते दाखवता आले असते. त्याने मला चिंचोका दिला ते चित्र माझ्या घरात नाही, ते कुठल्या तरी कार्यालयात आहे. आणि अभ्यासाचे शेवटी काय ठरले, हे तर कुणालाच सांगितले नाही. उपयोग झाला नाही असे निघाले असेल, तर तेही आम्हाला हवे आहे. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा (हार्मोनचा) नाकात मारायचा फवारा ऑटिझमवर उपयोगी पडेल, अशी आशा कित्येक वर्षे होती. अमेरिकेत 3 ते 17 वयाच्या 290 मुलांवर त्याची तपासणी झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष आला, की नुसत्या फवाऱ्यापेक्षा औषधाच्या फवाऱ्याचा जास्त उपयोग होत नाही. त्या 'नाही'मुळे कितीतरी आईबापांचे पैसे वाचले असतील. आम्हाला 'नाही'सुद्धा चालेल, पण उत्तर मिळाले पाहिजे.

तिसरी तक्रार संमतीची. संमतीपत्र चार पानांचे होते आणि मराठी असले तरी ते कोर्टाच्या कागदासारखे होते. बारावी झालेल्या मलाही 'यादृच्छिक विभाजन' म्हणजे काय ते विचारून घ्यावे लागले; बंद पाकिटातून गट ठरवणे, एवढाच त्याचा अर्थ. अकरा जणींपैकी एक कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली आहे. तिच्या घरात कोलामी बोलतात. तिच्या मुलाची तपासणी मराठीत झाली आणि "सूचना समजत नाहीत" असा शेरा त्याच्या कागदावर लिहिताना मी स्वतः पाहिला. मुलाला ऑटिझममुळे समजत नाही की भाषा परकी म्हणून समजत नाही, हे न तपासता लिहिलेला शेरा त्या मुलावर अन्याय करतो आणि तुमचे संशोधनही कच्चे करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 6 मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा मार्गाने, मोकळेपणी दिलेली संमती हवी, आणि त्याखेरीज शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी हवी. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. आमच्या संमतीपत्रावर नैतिकता समितीचा क्रमांक होता. दिव्यांगत्व संशोधन समितीच्या परवानगीचा उल्लेख कुठेही नव्हता.

चौथी गोष्ट लहान आहे, पण मजुरीवर जगणाऱ्या बाईला ती लहान नाही. दुसऱ्या फेरीच्या तपासण्या नेमक्या सोयाबीनच्या सोंगणीत आणि तिसरीच्या कापूस वेचणीत ठेवल्या गेल्या. तपासणी तालुक्याला, दिवसभराची. त्या दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचे भाडे गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्यास मुभा देतात. आम्हाला बिस्किटांचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळाले.

पाचवी तक्रार तुमच्या प्रश्नांबद्दल आहे आणि तिच्याकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. मूल नजरेला नजर देते का, बोट दाखवते का, किती शब्द बोलते, हे तुम्ही विचारता. विचारा, ते महत्त्वाचेच आहे. पण आमच्या आया रात्री काय बोलतात ते सांगते. मूल रात्री दोनला उठते आणि पहाटेपर्यंत झोपत नाही, आणि सकाळी सातला आईला वावरात जायचे असते. मूल हात सोडून निघून जाते आणि आमच्या शिवारात कठडे नसलेल्या विहिरी आहेत. आमच्या पलीकडच्या गावात एक आजी नातवाला दुपारी लुगड्याच्या पट्टीने बाजेला बांधून ठेवते. ती दुष्ट नाही. घरात दुसरे कोणी नसते, तिला धावता येत नाही आणि विहीर घरापासून दोनशे पावलांवर आहे. तिला कोणी अजून विचारलेले नाही, की तुला काय मिळाले तर ती पट्टी सुटेल. झोप, भटकणे, शौचाची सवय, जेवणात दोनच पदार्थ खाणे, शाळेत पहिल्या तासाला येणारे रडे, वयात येणाऱ्या मुलीची पाळी, आणि सर्वांत शेवटी, आम्ही गेल्यावर याचे कोण? यांवर आमच्यासारख्या गावांत काय उपयोगी पडते, ते शोधून द्या. मुले मोठी होतात. आमच्या तालुक्यात पंचविशीतले स्वमग्न तरुण आहेत, घराच्या मागच्या खोलीत. त्यांच्यापर्यंत एकही प्रश्नावली आलेली नाही.

आणि तुम्ही निघून गेलात की जागा रिकामी राहत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्या 30 आजारांच्या यादीत ऑटिझम आहे, मी स्वतः मुले त्यांच्यासमोर बसवते. पण नाव कळल्यावर दर आठवड्याला जायचे कुठे? वाचा-उपचार करणारी व्यक्ती आमच्यापासून 70 किलोमीटरवर आहे. प्रकल्प बंद झाल्यावर तीन महिन्यांत एका खासगी दवाखान्याचा माणूस आमच्या अकरापैकी एका घरी आला. मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या इंजेक्शनने मूल बोलू लागेल, असे त्याने सांगितले. त्या घराने दोन एकर वावर गहाण टाकले. मूल आहे तसेच आहे. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर आजही कोणतेही सिद्ध औषध नाही. रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल ही औषधे डॉक्टर देतात, ती तीव्र चिडचिड आणि मारझोडीसाठी. स्टेम सेलबद्दल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरवले आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये ऑटिझमसाठी त्यांची शिफारस करता येत नाही, असे सांगितले आहे. हे सगळे इंग्रजीत, कागदावर आहे. त्या बापाला हे सांगू शकणारी, त्याच्या ओसरीवर बसलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमची दीदी. तिचे कंत्राट संपले होते. ती आता मोबाईलच्या दुकानात काम करते.

या विषयाची गरज किती आहे, असे कुणी विचारील म्हणून दोन आकडे देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात दर 127 माणसांमागे एकाला ऑटिझम होता. त्या हिशेबाने दीड लाख वस्तीच्या तालुक्यात अकराशेहून अधिक माणसे होतात. प्रकल्पाने आमच्याकडे अकरा शोधली. आणि 2 ते 9 वयाच्या मुलांच्या मेंदूविकासातील अडचणींचा जो मोठा भारतीय अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाच ठिकाणची 3,964 मुले तपासली गेली. पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद ही ती पाच ठिकाणे. महाराष्ट्रातले त्यात एकही नाही. अंदाजावर किती दिवस चालायचे?

म्हणून आमच्या मागण्या मांडते. अकराही घरांशी बोलून मी त्या लिहिल्या आहेत.

ज्या सहा आयांना थांबायला सांगितले होते, त्यांना कबूल केलेली शिकवण पूर्ण मिळावी, आणि ती वेचणी उलंगल्यावर, त्यांच्या सवडीने आणि त्यांच्या घरी. कोलाम पोडावरच्या मुलाची कोलामी जाणणारी व्यक्ती सोबत घेऊन पुन्हा तपासणी व्हावी.

प्रत्येक मुलाचे गुण, अहवाल आणि त्याच्या चित्रीकरणाची प्रत पालकांना द्यावी. अभ्यासाचा निष्कर्ष, चांगला असो वा नसो, साध्या मराठीत आणि कोलामीत गावात येऊन सांगावा.

दिव्यांगत्व संशोधन समितीची परवानगी असल्याशिवाय विदर्भात असा एकही प्रकल्प सुरू होऊ नये. परवानगीचा क्रमांक संमतीपत्रावर छापावा आणि समितीत स्वतः ऑटिझम असलेली प्रौढ व्यक्ती आणि ग्रामीण भागातील पालक असावेत. माझा मुलगा एक दिवस विचारील, की माझ्याबद्दल ठरवताना माझ्यासारखे कोणी होते का. त्याचे उत्तर 'होते' असे असायला हवे.

नैतिकता समित्यांनी प्रकल्पाच्या अर्जातच पाहावे, की निधी मध्येच थांबला तर थांबलेल्या गटाचे काय आणि प्रकल्प संपल्यावर प्रशिक्षित मुलींचे काय. उत्तर नसेल तर मंजुरी देऊ नये. मजुरी आणि भाडे खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावे.

शासनाकडे आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. प्रकल्पांनी तयार केलेल्या अशा मुलींना तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेत सामावून घ्यावे. दुसरे म्हणजे, स्टेम सेलच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध तालुक्याच्या पातळीवर तक्रार नोंदवता यावी आणि त्याची माहिती प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत लावावी. भिंत मी मोकळी करून ठेवते.

पुढचा अभ्यास आखण्याआधी, आखून झाल्यावर नव्हे, आमच्याबरोबर एक दिवस बसा. आमच्या गावाला सकाळची एसटी साडेनऊला पोहोचते. अंगणवाडी दुपारी सुटली की मी मोकळी असते आणि बाया कोणत्या दिवशी वावरात जात नाहीत ते मी तुम्हाला कळवीन. त्या सहा जणींना मी अजून तुमच्या वतीने काहीही सांगितलेले नाही. काय सांगू ते कळवावे.

आपली,
एक आई आणि अंगणवाडी सेविका
पश्चिम विदर्भ